पाण्याच्या वहीचे शुद्धिपत्र

४ मे, शनिवार

चि. देवदत्तने भांडुपच्या, मदतनीस बायका पुरवणाऱ्या ब्यूरोला पाठवलेल्या तक्रारअर्जाची प्रत आज माझ्या हाती आली. रुग्णालयाच्या कागदांच्या फायलीत ती सर्वांत मागे लावलेली होती. ती मला दाखवण्याचा त्याचा हेतू नसावा. अर्ज एका पानाचा आहे आणि त्यात पुढील चुका आहेत.

माझे वय एक्क्याऐंशी लिहिले आहे. मी येत्या आश्विनात एकोणऐंशी पूर्ण करीन. पक्षाघात फेब्रुवारीत झाल्याचे म्हटले आहे. तो १९ जानेवारीस झाला. "दि. २९ एप्रिल रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास वडील बेशुद्ध पडले" हे विधान दोन ठिकाणी चुकले आहे. वेळ दोन वाजून वीस मिनिटे होती, कारण समोरच्या भिंतीवरचे घड्याळ हीच मी स्पष्ट पाहिलेली शेवटची वस्तू. आणि मी बेशुद्ध पडलो नव्हतो, असंबद्ध बोलू लागलो होतो. छापखान्यात अडतीस वर्षे मुद्रिते तपासलेल्या माणसाला या दोहोंपैकी कोणती अवस्था अधिक लाजिरवाणी वाटेल, हे सांगायला नको. "केअरटेकर बाईंनी हलगर्जीपणा केला गेला" या वाक्याविषयी मी काही बोलत नाही. ज्याला मी शिकवले त्याचे ते वाक्य आहे.

सपना इंगळे ही बाई ११ मार्चपासून दिवसा माझी देखभाल करीत असे. अर्जातला मुख्य परिच्छेद तिच्याविषयी आहे. तिने मला पुरेसे पाणी दिले नाही. दिल्याच्या खोट्या नोंदी वहीत "स्वतःच्या हाताने" केल्या. पक्षाघाताच्या रुग्णाला ऐन उन्हाळ्यात पाण्यावाचून ठेवणे जिवावर बेतणारे आहे, आणि बेतलेही. सबब तिचे नाव ब्यूरोच्या यादीतून कायमचे वगळावे.

या परिच्छेदाविषयी आज लिहीत नाही. डावा हात दुखतो.

५ मे, रविवार

सकाळी दहालाच खोली तापते. आमचे घर मुलुंड पूर्वेला, चौथ्या मजल्यावर, आणि माझी खिडकी पश्चिमेची. सूनबाई शुभाने खिडकीला ओली चादर बांधली आहे. ती अर्ध्या तासात खडखडीत वाळते.

रुग्णालयातून सुटताना डॉक्टरांनी पुन्हा बजावले : सकाळपासून रात्रीपर्यंत अठराशे मिलिलीटर पाणी, अकरा ते चार उन्हात जायचे नाही, घाम येणे थांबले तर तत्काळ सांगायचे. माझ्या बाबतीत हे शेवटचे अवघड आहे. उजव्या अर्ध्या अंगाला ऊन आणि गारवा यांतला भेद कळत नाही आणि त्या बाजूला घामही बेताचा येतो. डावा दंड चिंब आणि उजवा कोरडा, अशा स्थितीत माझी दोन अर्धी शरीरे दोन निराळ्या ऋतूंत राहतात.

ब्यूरोने नवी बाई पाठवली आहे. कमलताई, साठीच्या, कांजूरमार्गला राहणाऱ्या, मूळच्या मालवणकडच्या. आवाज खणखणीत. पेला भरून समोर धरतात आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात.

"आजोबांनू, पानी पियाक होया."

"ठेवा तिथे. पितो."

"तिथे ठेवलेला पानी पेलोच पिता. मी हयसून हलूचंय नाय."

प्यालो. नंतर त्या स्वतः स्वयंपाकघरात गेल्या आणि आमच्या माठात ओगराळे घालून उभ्याउभ्याच दोन पेले प्यायल्या. शुभा काही बोलली नाही. यावरून आठवले : सपना आमच्या माठातले पाणी कधी प्यायली नाही. तिच्यासाठी शुभाने बाल्कनीत, धुण्याच्या बादलीजवळ, एक निराळा पेला ठेवला होता, पण ती विक्रोळीहून येतानाच दोन बाटल्या भरून आणी. बाल्कनी तिला लांब पडत असावी.

६ मे, सोमवार

तो परिच्छेद.

वही माझ्या हातची आहे. फेब्रुवारीत फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले होते की उजवा हात येईल तेव्हा येईल, तोवर डाव्याने रोज पाच ओळी लिहा. मार्चमध्ये डॉक्टरांनी पाण्याची आणि लघवीची मापे वहीत मांडायला सांगितली. पहिले दोन दिवस ती सपनाने लिहिली. तिच्या त्या दोन पानांकडे माझ्याने पाहवेना, म्हणून वही मी मागून घेतली. लिहायचे मी, सही करायची तिने, असे ठरले. तिला बरेच वाटले. "सुटले बाई मी," असे म्हणाली.

आता जे लिहायचे ते लिहितो. वहीत रोज अठराशे मिलिलीटर, कधी दोन हजार, असे लिहिलेले आहे. त्याच्या जेमतेम एक तृतीयांश मी प्यालो. पलंगाच्या डाव्या अंगाला कूलर आहे. त्याच्या टाकीचे झाकण वरच्या बाजूस, माझ्या हाताच्या टप्प्यात. सपना पेला ठेवून आत गेली की मी दोन घोट घेई आणि उरलेले टाकीत ओती. देवदत्त एकदा म्हणालाही, "हा कूलर पाणी कमी खातो, चांगला निघाला." मी दुजोरा दिला.

कारण क्षुल्लक आहे. प्यालेले पाणी बाहेर काढावे लागते. त्यासाठी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत सतरा पावले एका तिऱ्हाईत बाईच्या खांद्यावर भार टाकून जावे लागते. तिथे लेंग्याची नाडी तिने सोडायची, धरायचे तिने, आणि मी भिंतीवरच्या फरशा मोजायच्या. त्या बेचाळीस आहेत. दिवसाकाठी हे सात वेळा होई. पाणी कमी केल्यावर दोनदा होऊ लागले. मला वाटले, हा माझा शोध आहे.

२६ मार्चला जे घडले ते या दैनंदिनीत येणार नाही.

अडतीस वर्षांत मी एकही अक्षर मुद्दाम चुकीचे जाऊ दिले नाही. त्या वहीतली वाक्ये शुद्ध आहेत. केवळ खरी नाहीत.

रुग्णालयात डॉक्टरांनी वही पाहिली आणि म्हणाले, इतके पाणी पोटात गेलेल्या माणसाच्या रक्ताचा असा अहवाल येऊच शकत नाही. देवदत्तने वही उघडून शुभापुढे धरली. "अक्षर बघ. जेमतेम लिहिता येतंय, आणि आकडे मात्र ठोकून दिलेत." माझे अक्षर! ज्या हस्ताक्षराचे नमुने छापखान्यात नव्या मुद्रितशोधकांना दाखवले जात, ते माझ्या मुलाला ओळखू आले नाही. आणि तेही रास्तच, कारण डाव्या हाताचे अक्षर त्याने पाहिलेच नव्हते. मग तो माझ्यावर वाकून म्हणाला, "बाबा, ती पाणी द्यायची का तुम्हाला?"

जीभ जड होती. मी डोळे मिटले.

७ मे, मंगळवार

कमलताईंनी दुपारी कलिंगडाच्या फोडी करता करता बातमी सांगितली. त्या काय सांगत आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते.

"तुमच्याकडे आधी होती ना ती सपना? राधा मॅडमनी तिचो फोटो गटावर टाकल्यानी. खाली लिवलां, पेशंटाक पानी देवक नाय, हिका कोणी काम देव नको."

राधा मॅडम या ब्यूरोच्या मालकीण. गट म्हणजे साऱ्या मदतनीस बायकांचा भ्रमणध्वनीवरचा गट. म्हणजे दीडदोनशे जणींनी तो फोटो पाहिला.

"तुम्ही तिला ओळखता?"

"तीन वर्सां माझ्यावांगडा होती. पोरगी हुशार. नर्सिंगच्या त्या कोर्साक बसतली होती. आता कसली बसतां! अनुभवाचो कागद ब्यूरोन देवक होयो. सोळा तारखेपर्यंत. मॅडम म्हणतत, कागद नाय, काय नाय."

"याच महिन्याच्या सोळाला?"

"मगे? पुढच्या वर्साच्या?" मग फोड माझ्या तोंडापाशी धरून त्या म्हणाल्या, "पन माका एक कळणा नाय. ती पानी देवची नाय असा होवचाच नाय. आमच्या एका म्हातारीक ती चमच्या-चमच्यान पाजी. तुमका खरांच देय नव्हती?"

मी फोड चावत राहिलो. तोंडात घास असताना बोलू नये, असे मी देवदत्तला लहानपणी शिकवले होते. त्या नियमाचा असा उपयोग आजवर कधी केला नव्हता.

८ मे, बुधवार

काही लिहिण्यासारखे नाही. पाणी १९०० मि.लि. खरे.

९ मे, गुरुवार

सकाळी अकराला दार वाजले. माझा पलंग दिवाणखान्याच्या भिंतीला लागून असल्याने दारातले सगळे ऐकू येते. शुभाने साखळी न काढता दार उघडले असावे, कारण कडी किणकिणली आणि पुन्हा थांबली.

"ताई, माझी नोट्सची वही राहिलीय आतल्या कपाटात. आणि पांढरा कोट."

सपनाचा आवाज.

"थांब तिथेच. देते आणून."

"थांबलेच आहे. चपला पण काढल्या नाहीयेत, बघा."

शुभाने वस्तू आणून फटीतून दिल्या असाव्यात. मग तिचा आवाज चढला. "एवढं सगळं झाल्यावर यायचं धाडस कसं होतं गं तुला?"

"ताई, मी काही चोरलं नाहीये. सर तेव्हा ऐकून घेत नव्हते म्हणून आता सांगते. ती वही आजोबा लिहायचे. मी फक्त सही करायचे. विचारा ना त्यांनाच. आत आहेत ना ते?"

"आता त्यांच्यावर ढकल! त्यांचं अक्षर अख्खं मुलुंड ओळखतं. लोक लग्नाच्या पत्रिकांचे पत्ते लिहून घ्यायला यायचे त्यांच्याकडे. ते असलं मोडकं लिहितील? आणि खोटं लिहितील? ते?"

मला वाटले, ती गेली. मग भिंतीपलीकडून मोठ्याने हाक आली.

"आजोबा! पाणी पिताय ना?"

कमलताई माझ्या पायांना तेल लावत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी "हो" म्हणालो. तो शब्द दारापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणणे मला शक्य होते. मी तसा म्हणालो नाही.

दार लागले. कमलताई पुन्हा तेल लावू लागल्या. पण त्यानंतर दिवसभर त्या एकदाही आवाज चढवून बोलल्या नाहीत, आणि पेला समोर ठेवून सरळ आत गेल्या. मी राखण नसताना पूर्ण पेला प्यालो. कोणी पाहिले नाही, याचे मला वाईट वाटले. यावरून माझी पत कळावी.

१० मे, शुक्रवार

अक्षय्यतृतीया. शुभाने आंब्याचा रस केला. मला तीन चमचे.

काल सपनाने दारात एक गोष्ट सांगितली नाही. सांगू शकली असती. म्हणून ती मी लिहून ठेवतो.

२० एप्रिलला उकाडा असह्य होता आणि तिने मला पाण्याऐवजी ताक दिले. मी सवयीने तेही टाकीत ओतले. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी माणसाने करू नये अशी ही चूक. संध्याकाळपर्यंत कूलर आंबट वारा फेकू लागला. सपनाने जाळी काढली, टाकीत पाहिले, बोटाने चाखल्यासारखे केले आणि माझ्यासमोर खाली फरशीवर बसली.

"आजोबा, कूलरला ताक कोणी पाजलं?"

मी छताकडे पाहिले.

"पाणी पण ह्यालाच जातं ना? तरीच म्हटलं, एवढं पाणी पिऊन माणूस दोनदाच कसा जातो. मी डॉक्टरांना विचारणार होते, तुमच्या किडन्यांना झालंय काय."

"हळू बोल."

"कशासाठी करताय हो हे? लाज वाटते? अहो, मी दिवसातून दहा वेळा नेईन. माझं कामच आहे ते."

"तुझे काम आहे. माझे नव्हे."

ती हसली. तिच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, हे आज कळते. त्या वेळी मला ती दिसली. ती उठत म्हणाली, "ताईंना सांगायला पाहिजे. हे डेंजर आहे, ऊन बघताय ना बाहेर?" त्यावर मी जे बोललो ते जसेच्या तसे :

"शुभाला एक शब्द सांगितलास, तर दुपारी तू दीड तास झोपतेस हेही तिला कळेल. मग तू इथे एक दिवसही राहणार नाहीस."

ती झोपत असे हे खरे आहे. भिंतीला टेकून, मांडीवर नोट्सची वही उघडी ठेवून, मी झोपल्यावर. पहाटे साडेचारला उठून पाणी भरून, स्वयंपाक करून ती आठला माझ्यापाशी हजर होई. दीड तास हेही खरे नाही. अर्धा तास असेल.

तिने टाकी धुऊन आणली, जाळी बसवली, हात पुसले. मग वहीजवळ येऊन म्हणाली, "सही कुठं करू?"

मी जागा दाखवली. त्या रकान्यात मी "ताक २०० मि.लि." असे लिहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून तिने पाण्याचा आग्रह सोडला आणि खाण्याचा धरला. कलिंगड, काकडी, ताडगोळे, पातळ भाताची पेज. "हे तर खाता ना? हे खाल्ल्यावर काय बाथरूमला लागत नाही," असे मला लहान मुलासारखे सांगे. मी विश्वास ठेवला. मला ती लबाडी समजली नाही. रुग्णालयातले डॉक्टर देवदत्तला म्हणाले होते की आणखी दोन दिवस असेच गेले असते तर परिणाम निराळा झाला असता. अंगात थोडेफार पाणी कुठून गेले, याचेच त्यांना आश्चर्य वाटत होते.

माझी पत्नी वसुधा अखेरच्या आजारात पाच महिने अंथरुणावर होती. तिच्यासाठी बाई ठेवली होती. त्या बाईचे नाव आज आठवून पाहिले. आठवले नाही.

११ मे, शनिवार

देवदत्त घरी होता. चहा झाल्यावर त्याला बोलावले आणि सर्व सांगितले. कूलर, वही, ताक, धमकी. बोलताना काही शब्द अडखळतात, पण वाक्ये पूर्ण केली.

त्याने ऐकून घेतले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपे गेले असते.

"बाबा, तुम्ही रेस्ट करा."

"मी जे म्हणालो ते तुला कळले का?"

"कळलं. डॉक्टर म्हणालेच होते, स्ट्रोकनंतर असं होतं. पेशंट स्वतःलाच दोष देतात, न घडलेल्या गोष्टी आठवतात. परवा ती दारात येऊन काहीतरी बडबडून गेली, ते ऐकलंत तुम्ही, आणि तेच डोक्यात बसलंय."

"म्हणजे मी भ्रमिष्ट आहे."

"तसं नाही हो. पण तुम्ही, आणि खोट्या नोंदी? तुम्ही दुधाच्या कार्डावरची सुद्धा चूक खोडून सही करता. हे मला कोणी कोर्टात सांगितलं तरी मी मानणार नाही."

शुभा दारात उभी होती. म्हणाली, "बाबांचं मन मोठं आहे. तिची दया येतेय त्यांना."

माझ्या आयुष्यभराच्या काटेकोरपणाने त्या क्षणी माझीच वाट अडवली. मी खोटे बोललो असे म्हणालो आणि ते माझे खरेपण म्हणून मोजले गेले. मी वही मागितली. देवदत्त ती द्यायला तयार नव्हता. कमलताईंनी कपाटातून काढून माझ्या मांडीवर ठेवली.

रात्री अंथरुणात विचार करून मी एक तारीख शोधून ठेवली होती. मुद्रितात चूक आहे हे ठाऊक असले की ती सापडते.

"१४ एप्रिलचे पान काढ. वार कोणता?"

"रविवार."

"सपना कुठे होती?"

शुभाच उत्तरली. "त्या दिवशी तिने सुट्टी घेतली होती. जयंतीची. मी म्हटलं होतं, रविवारीच कशाला, मला बाहेर जायचं होतं." आणि बोलता बोलता ती थांबली.

"त्या दिवशी मला पाणी कोणी दिले?"

"मी."

"पानावर काय लिहिले आहे?"

देवदत्तने वाचले. "पाणी दोन हजार मि.लि. सकाळी आठ, साडेनऊ, अकरा…" मग त्याने मागचे पान पाहिले, पुढचे पाहिले, पुन्हा हे पाहिले. अक्षर सगळीकडे तेच.

"सही आहे तिची," तो म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"ती दुसऱ्या दिवशी करून घेतली. तिने विचारले, 'मी नव्हते ना काल?' मी म्हणालो, रकाना रिकामा राहता कामा नये."

मग मी लेखणी घेतली आणि त्याच पानाच्या तळाशी, त्या दोघांसमोर, वरचेच शब्द डाव्या हाताने पुन्हा लिहिले : पाणी २००० मि.लि. तीन शब्दांना पाऊण मिनिट लागले. 'ण'चा दांडा वाकडा आला, वहीत सर्वत्र येतो तसाच. देवदत्त वाकून पाहत राहिला. मी त्याला अक्षर शिकवले तेव्हा तो असाच वाकून पाहत असे.

"पण का, बाबा?"

मी लेखणीला टोपण लावले. शुभा आत निघून गेली. मग देवदत्त म्हणाला, "ठीक आहे. मी सोमवारी मॅडमना फोन करतो. जरा गैरसमज झाला होता म्हणून सांगतो."

"गैरसमज नव्हे."

"बाबा, कशाला ताणताय? ब्यूरोत कळेल, सोसायटीत कळेल. लोक काय म्हणतील, पाटणकरांचे आजोबा खोट्या नोंदी करून बाईला अडकवत होते?"

"तसेच म्हणतील. विधान बरोबर आहे."

तो उठून बाल्कनीत गेला. मी त्याला दोष देत नाही. प्रत्येक गोष्ट झाकून ठेवण्यासारखी आहे, हे तो माझ्याकडूनच शिकला असेल.

१२ मे, रविवार

पहाटे पाचपासून लिहितो आहे, उन्हाच्या आधी. साडेआठपर्यंत एक पान पूर्ण झाले. फोनवर 'गैरसमज' म्हटले तर गटावर काहीच बदलणार नाही. कागद हवा, आणि तो याच अक्षरात हवा. सोबत वहीही पाठवतो, म्हणजे राधा मॅडमना ताडून पाहता येईल.

कमलताई आल्यावर त्यांना विचारले, "भांडुपला न्याल का? ब्यूरो रविवारी बारापर्यंत उघडा असतो ना?"

"न्हेतंय. पन आदी माका वाचून दाखवा. काय न्हेतंय ता माका कळाक होया."

वाचून दाखवले. न्हाणीघरात धरणाऱ्या बाईसमोर मोठ्याने वाचताना दोन ठिकाणी थांबावे लागले. त्या शेवटी एवढेच म्हणाल्या, "ह्या तुमी आठ दिसांपूर्वी सांगतलां असता तर?" मी म्हणालो, हो. त्यांनी कागद वहीत घातला, वही पिशवीत घातली, आणि चपला घालता घालता आत ओरडून सांगितले, "शुभाताई, मी दोन तासांत येतंय. आजोबांका साडेधाक न्हेवा." शुभा मला न्हाणीघरात आजवर कधी घेऊन गेलेली नाही. आज नेले. आम्ही दोघेही फरशांकडे पाहत होतो.

ब्यूरोला पाठवलेल्या कागदाची नक्कल, तोंडपाठ असल्याने, येथे उतरवून ठेवतो.

शुद्धिपत्र

श्रीमती राधा मॅडम यांस,
देवदत्त पाटणकर यांचा दि. २ मे रोजीचा अर्ज आणि सोबतची नोंदवही यांत पुढील दुरुस्त्या करून वाचावे आणि हे पत्र आपल्या गटावर, जिथे फोटो टाकला तिथेच, टाकावे.

१९ जानेवारी. अर्जात 'फेब्रुवारी'. वाचावे : जानेवारी.

१३ मार्च ते २८ एप्रिल. अर्जात 'नोंदी मदतनीस बाईने स्वतःच्या हाताने केल्या'. वाचावे : सर्व नोंदी रुग्णाने डाव्या हाताने केल्या.

२६ मार्च. वहीत 'मदतनिसाच्या निष्काळजीपणाने पाण्याचा जग गादीवर लवंडला'. वाचावे : जग लवंडला नव्हता. गादी रुग्णाने भिजवली. सूनबाई खोलीत येताना पाहून सपना इंगळे यांनी जग स्वतः उपडा केला आणि दोष घेतला. वरील वाक्य रुग्णाने त्यानंतर, त्यांच्यासमोर, लिहिले.

२७ मार्च ते २८ एप्रिल. वहीत 'पाणी १८०० मि.लि.', 'पाणी २००० मि.लि.'. वाचावे : दिलेले तेवढेच, प्यालेले सुमारे ६००. उरलेले कूलरमध्ये.

१४ एप्रिल. वहीत सपना इंगळे यांची सही. वाचावे : त्या रजेवर होत्या. सही दुसऱ्या दिवशी रुग्णाच्या सांगण्यावरून.

२० एप्रिल. वहीत 'ताक २०० मि.लि.'. वाचावे : कूलरमध्ये. सपना इंगळे यांनी हे पकडले व घरात सांगण्याचे ठरवले. रुग्णाने त्यांना नोकरी घालवण्याची धमकी दिली. या तारखेनंतरच्या सर्व सह्या त्या धमकीखालच्या आहेत.

२१ ते २८ एप्रिल. वहीत काही नाही. वाचावे : रोज कलिंगड, काकडी, ताडगोळे, पेज, सपना इंगळे यांच्या हातून. वहीत रकाना नव्हता.

२९ एप्रिल, दुपार. अर्जात 'साडेतीनच्या सुमारास'. वाचावे : दोन वाजून वीस मिनिटे. रुग्णालयाच्या कागदांनुसार सपना इंगळे यांनी दोन वाजून पंचवीस मिनिटांनी रुग्णवाहिका बोलावली.

२९ एप्रिल, सायंकाळी सात. अर्जात 'रुग्णास बोलता येत नसल्याने त्यांना विचारता आले नाही'. वाचावे : विचारले होते. बोलता येत होते. त्याच सायंकाळी सहा वाजता रुग्णाने कक्षातील परिचारिकेला तक्त्यावरचे आपले नाव दोनदा उच्चारून दुरुस्त करायला लावले होते.

शरच्चंद्र पाटणकर